काळ्या काचेमागची चार मिनिटं

दत्तू, काल तुझा तेरावा झाला. जेवणं उरकली, पाहुणे पांगले, मंडपवाला खुर्च्या भरून घेऊन गेला, आणि मंगलवहिनीनं मला आतल्या खोलीत बोलावून तुझी कॅमेऱ्याची बॅग हातात ठेवली. पोलिसांनी परत दिल्यापासून ती तशीच कपाटावर पडून होती. वहिनी रडत नव्हती. तिनं एवढंच विचारलं, "शकीलभाऊ, ह्यांना पानी येताना दिसलं हुतं का? का न कळता गेले? तुमाला फोटोवरनं कळंल. काय आसंल ते खरं सांगा."

सांगतो म्हणालो आणि बॅग खांद्याला लावून निघालो. काल ती उघडायची माझी छाती झाली नाही. आज सकाळी स्टुडिओत आलो, दुकानाचं शटर अर्धंच वर केलं, आणि कार्ड काढायच्या आधी तुझा फिल्टरचा पाऊच उघडून बसलो. कार्ड टाळायला, दुसरं काय?

सगळं जिथल्या तिथं होतं. प्रत्येक काच आपापल्या गोल डबीत, डबीवर मार्करनं तुझ्या तिरक्या अक्षरात नाव. यूव्ही, सीपीएल, स्टार, सॉफ्ट. शेवटच्या डबीवर नुसतं 'काळी' आणि ती डबी रिकामी. काळी काच अजून लेन्सवरच आहे, दत्तू. पोलिसांना तो लेन्सचाच भाग वाटला असेल. कॅमेरा बाहेर काढला तर पुढं नुसता काळा गोल. मी त्यावर रुमाल टाकला. हसू नको. मला त्याच्यासमोर बसवेना.

मग हात स्टारच्या डबीकडं गेला. आठवतंय ना, आपण कोल्हारात दुकान टाकलं तेव्हा आपल्याकडं होतं काय? एक सेकंडहँड कॅमेरा आणि हा स्टार फिल्टर. काचेवर बारीक रेघा कोरलेल्या, त्यामुळं उजेडाच्या प्रत्येक ठिपक्याला सहा टोकं फुटायची. लायटिंगच्या माळा, नवरीची नथ, समईची ज्योत, जे चमकेल त्याची चांदणी. पहिल्या हंगामात तू तो लेन्सवरनं काढलाच नाहीस. एका म्हाताऱ्यानं अल्बम बघून विचारलं होतं की माझ्या टकलावर ही चांदणी कुठनं आली. तू तोंड गंभीर करून सांगितलंस, बाबा, हा देवीचा आशीर्वाद आहे, सगळ्यांच्या फोटोत येत नाही. बाबा खूश होऊन दोन कॉप्या जास्त सांगून गेला आणि मी काउंटरखाली बसून तोंडात रुमाल कोंबला.

सॉफ्ट फिल्टर घ्यायची तेव्हा ऐपत नव्हती. तू जुन्या यूव्हीवर बोटानं व्हॅसलिन फासायचास, मधला रुपयाएवढा भाग तेवढा स्वच्छ ठेवायचास. नवरीचा चेहरा लख्ख आणि कडेचं सगळं धुक्यात. एका लग्नात व्हॅसलिन जास्त झालं आणि नवरदेवाचा थोरला चुलता अख्खा धुक्यात गेला. तो भांडायला आला तेव्हा तू मला पुढं केलंस. लेका, भांडणाला नेहमी मीच लागायचो तुला.

आणि यूव्हीवरनं तर आपलं कधी जमलंच नाही. तू म्हणायचास, साधी काच आहे, डिजिटलमध्ये तिचा काडीचा उपयोग नाही, लेन्सच्या ऐवजी फुटायचं एवढंच तिचं काम. मी म्हणायचो, तेवढं काम थोडं झालं का? एका वरातीत नारळाचा टवका उडून आला आणि यूव्हीचे तुकडे झाले, आतली लेन्स शाबूत. मी तुला ते तुकडे दाखवले. तू म्हणालास, टवका तसाही लेन्सला लागला नसता. हरायचं माहीतच नव्हतं तुला. त्या दिवशी मी जेवलो नव्हतो तुझ्याबरोबर, डबा घेऊन बाहेर जाऊन बसलो होतो.

पण तुझा खरा जीव सीपीएलवर. त्याची पुढची रिंग फिरवली की पानावरची, पाण्यावरची चकाकी निघून जाते. पांढुरका दिसणारा ऊस हिरवागार होतो, आभाळ गडद होतं, पाण्याचा तळ दिसायला लागतो. तो लेन्सला लावणारे पुष्कळ आहेत. तू तो नदीवर नुसता हातात धरायचास, डोळ्यासमोर आणून हळूहळू फिरवायचास आणि बघायचास की खडक कुठं आहे, खड्डा कुठं आहे, शेवाळ कुठं आहे. पार्टीला वाटायचं, दादा काहीतरी शास्त्र करतायत. तळ बघितल्याशिवाय तू कुठल्या नवरा-नवरीला पाण्यात पाऊल टाकू दिलं नाहीस. म्हणून तर गाव मला विचारतंय की इतका जपणारा माणूस असा गेलाच कसा. मी काय सांगणार? सीपीएलमधून खालचं दिसतं. वरच्या अंगानं काय येतंय ते दिसत नाही.

काळी आणली ती तू पुण्याहून. मला दाखवलीस तेव्हा मी म्हणालो, ही काच आहे का तवा? तिच्यातून हजारातला एक भाग उजेड आत जातो. त्यामुळं पहाटेच्या उजेडातसुद्धा शटर चार-चार मिनिटं उघडं ठेवता येतं. तेवढ्या वेळात जे हलतं ते पुसलं जातं आणि जे थांबतं ते उरतं. खळखळणारी प्रवरा फोटोत सायीसारखी पांढरी आणि गप्प. तिच्यात उभे असलेले काळे खडक तेवढे जागच्या जागी. तू तो पहिला फोटो मोठा करून, परत लहान करून बघितलास. मग म्हणालास, शक्या, ह्यात माणूस उभा केला तर?

तिथनं ते खूळ सुरू झालं. आणि आपला नियम ठरला, एक उभा, एक मोजणारा. आधी काच न लावता फ्रेम बांधायची, फोकस पक्का करायचा, मग काळी काच फिरवून बसवायची, कारण ती बसली की मागून काही म्हणजे काही दिसत नाही. मग एकानं खडकावर जाऊन दगडासारखं व्हायचं आणि दुसऱ्यानं काठावरनं मोठ्यानं सेकंदाचे आकडे म्हणायचे, दोनशे चाळीसपर्यंत. मोजणाऱ्याचं निम्मं काम मोजायचं आणि निम्मं वरच्या अंगाला बघायचं. उन्हाळ्यात धरणातनं शेतीच्या पाण्याचं आवर्तन सुटलं की आभाळात ढग नसताना नदीला पाणी येतं. आधी पाचोळा येतो, फेस येतो, कुणाच्या तरी पूजेची फुलं येतात, आणि मग मिनिटात पाण्याचा घोट्याचा गुडघा होतो. उभ्या माणसाला हलायची बंदी, म्हणून नजर ठेवायची ती मोजणाऱ्यानं. हे सगळं तुझंच ठरवलेलं.

आणि आपलं भांडण. ते अर्धंच राहिलं, दत्तू, आणि आता ते मला एकट्याला दोन्ही बाजूंनी भांडावं लागतंय.

शिर्डीच्या त्या हॉटेलवाल्यांच्या मुलाचं लग्न. त्यांना प्री-वेडिंगमध्ये तसलाच फोटो हवा होता, दुधासारख्या नदीत काळ्या खडकावर जोडी उभी. त्यांना आधी त्यांनी पसंत केलेल्या खडकावरचं सॅम्पल दाखवायचं होतं. मी नसताना तू रिमोट लावून, एकट्यानं उभं राहून केलेली तिन्ही सॅम्पलं हललेली होती, खांदे विरघळलेले, तोंडाचा लगदा. संध्याकाळी दुकानात मी ती बघितली आणि माझी जीभ सुटली. तुझ्यानं चार मिनिटं एका जागी उभं राहवत नाही आणि तू लोकांच्या पोरापोरींना उभं करणार, असं म्हणालो. पन्नाशीला आलास, अजून अंगात पारा आहे, असंही म्हणालो. तू म्हणालास, उद्या ये, दाखवतो. मी म्हणालो, मला शिर्डीत काम आहे, तू एकटाच जाऊन हालत बस. काम काही नव्हतं. मला राग आला होता, आणि तो कशाचा तेसुद्धा आता धड आठवत नाही.

आवर्तनाचा मेसेज आदल्या दिवशीच गावाच्या ग्रुपवर पडला होता. तूही बघितला असशील. पाणी आपल्या भागात दुपारपर्यंत पोचेल असा सगळ्यांचाच अंदाज. ते सकाळीच पोचलं. म्हशी घेऊन आलेल्या माणसाला काठावर उंच जागी स्टँडवर कॅमेरा दिसला, बाजूला चपला दिसल्या, माणूस दिसला नाही. तू दोन दिवसांनी खाली बंधाऱ्याला सापडलास.

तर कार्ड. शेवटी लावलं मी ते कॉम्प्युटरला. त्या सकाळचे चार फोटो आहेत.

पहिला काच न लावता काढलेला, फ्रेम बांधायला. नदी साधी, उन्हाळ्यातली, घोटाभर. मधोमध तो खडक, कोरडा, त्यावर बगळ्याची घाण. दुसरा सीपीएल लावून, तळ दाखवणारा. खडकापर्यंतचे गोटे एकेक मोजून घ्यावेत इतके स्पष्ट. तू तुझं काम नीट केलं होतंस. तिसरा काळी लावून, चार मिनिटांचा, माणूस नसलेला, उजेड तपासायला. पाण्याची साय झालेली. त्यात खडक पहिल्या फोटोपेक्षा किंचित बुटका दिसतो. मी दोन्ही फोटो शेजारी ठेवून मोजलं. बोटभर पाणी तेव्हाच चढलं होतं, दत्तू. पण काळी काच लाट ठेवत नाही, फेस ठेवत नाही, पाचोळा ठेवत नाही. मागच्या छोट्या पडद्यावर तुला सगळं गुळगुळीतच दिसलं असणार.

चौथ्यात तू आहेस.

रिमोटवर चार मिनिटं लावलेली होती, त्यामुळं शटर आपोआप मिटलं आणि फोटो पुरा झाला. हा धंदा ज्यानं केला नाही त्याला तो बिघडलेला फोटो वाटेल. मला तो घड्याळासारखा वाचता येतो, जे जितका वेळ थांबलं तितकं ते घट्ट उमटतं, हीच तर माझी गोची आहे. तुझे पाय जवळजवळ नाहीत, तिथं पांढरं पाणीच आहे. गुडघे पुसट. कमरेपासून वर तू घट्ट होत जातोस आणि छाती, खांदे, मान चांगली ठसठशीत आहेत, जरा आरपार दिसतं एवढंच. म्हणजे पाणी खालनं चढत गेलं आणि तू उभाच राहिलास. तीन मिनिटं तरी नक्की, वर थोडी जास्तच. खांदे हललेले नाहीत. एक रेघसुद्धा हललेली नाही.

आणि तुझे चेहरे दोन आहेत. एक सरळ कॅमेऱ्याकडं बघणारा, घट्ट. दुसरा त्यातूनच डावीकडं फुटलेला, अगदी फिका, वरच्या अंगाला वळलेला. पाणी येतं त्या बाजूला. किती वेळ बघितलंस तू तिकडं? दहा सेकंद? पंधरा? तेवढं थांबल्याशिवाय तो चेहरा उमटलाच नसता. तू पाणी बघितलंस, आणि मग मान परत सरळ केलीस, आणि उभा राहिलास. का रे? मला दाखवायला?

मी कार्ड परत कॅमेऱ्यात घातलं. तोंड धुतलं, कॅमेरा घेतला आणि दुपारी वहिनीकडं गेलो.

वहिनीला फसवता येत नाही, हे तुला माहीत आहे. दहा वर्षं तीच आपले अल्बम कॉम्प्युटरवर लावते. मी काही बोलायच्या आत तिनं कॅमेऱ्याचा पडदा मोठा करून फोटो वरपासून खालपर्यंत बघितला. आरपार दिसतंय म्हणजे पुरा वेळ थांबले नाहीत, असं तीच म्हणाली. मग तिनं डावीकडच्या फिक्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. मी म्हणालो, होय, दिसलं होतं त्याला. मग सगळं सांगितलं. संध्याकाळचं भांडण, मी काय काय बोललो, शिर्डीला काम होतं हे खोटं होतं. सांगताना मला वाटत होतं की तिनं माझ्या थोबाडीत मारावी. तेवढं तरी व्हावं.

तिनं पदरानं डोळे टिपले आणि उलट माझीच समजूत घातली. तुझा स्वभावच तसा, मी नसतो बोललो तर दुसरं कुणी बोललं असतं, लग्न झाल्यापासून ती तेच बघत आली. दाव्यानं बांधून ठेवलं तरी तू जायचा तिथं जाणारच. असं बरंच काही म्हणाली. तुझ्या बायकोनं मला माफ केलं, दत्तू, तुझ्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी, तुझ्याच घरात बसून. आणि मग म्हणाली, "तुमी आसता तर हाक मारली आसती. मागं मारली हुती तशी. मागच्या बारीला तुमच्यामुळंच वाचले हे, सारकं सांगायचे मला."

मी म्हणालो, "व्हय वहिनी."

तेवढ्यानं तिचा चेहरा जरा सैल झाला. तिनं कॅमेरा मांडीवर घेतला, पदराच्या टोकानं काळी काच पुसली आणि धंद्याचं बोलायला लागली. शिर्डीच्या पार्टीचा फोन आला होता, लग्न तोंडावर आलंय, ते दुसरीकडं जायचं म्हणतायत. दुकान आता तीच चालवणार. नदीवरच्या ऑर्डरी सोडायच्या नाहीत, कारण दुकानाचं नाव त्याच्यावरच झालं. लोक काय म्हणतील ते म्हणू देत. आवर्तन बंद झालंय, पुढचं कधी सुटेल ते अजून जाहीर नाही, तोवर सॅम्पल करून टाकायचं. मी म्हणालो, दुसरी जागा बघू. ती म्हणाली, तोच खडक, ह्यांचं राहिलेलं काम हाय.

"सोमवारी सकाळी जाऊ. मी उभी ऱ्हाते, तुमी मोजा," म्हणाली. "पान्याकडं बगायला तुमी आसल्यावर मला घोर न्हाई."

मी बरं म्हणालो. चहा पिऊन आलो.

आता तुला सांगतो, कारण दुसऱ्या कुणासमोर हे बोलायला मला तोंड नाही. मागच्या वेळचं. दोन उन्हाळ्यांपूर्वीचं, ज्या फोटोवर सगळ्या ऑर्डरी येतात आणि जो दुकानात दर्शनी लावलाय, त्याच्या वेळचं. तू उभा होतास आणि मी मोजत होतो. एकशे नव्वदला मला वरनं पाचोळा येताना दिसला. मागोमाग फेस. मला कळलं होतं, दत्तू. कळलं नाही असं एक क्षणही झालं नाही. पण तू इतका सुरेख उभा होतास. तोवर आपल्याला एकही फोटो साधला नव्हता, आणि पन्नास आकडेच राहिले होते. मी एकशे एक्क्याण्णव म्हणालो. एकशे ब्याण्णव म्हणालो. आवाजसुद्धा बदलू दिला नाही, तू हलशील म्हणून. दोनशे तीसला पाणी तुझ्या पोटऱ्यांना लागलं होतं. दोनशे चाळीसपर्यंत सगळे आकडे पुरे केले, आणि मग बोंबललो.

तू उड्या मारत काठाला आलास, भिजलेला, हसत. मला मिठी मारलीस. गावभर सांगत सुटलास की शक्यानं वाचवलं. मी दोन-तीनदा खरं सांगायला तोंड उघडलं होतं. मग फोटो छापून आला, मोठा करून लावला, लोक बघायला यायला लागले, आणि राहून गेलं. सांगितलं असतं तर तू परत कधी माझ्या भरवशावर पाण्यात उतरला नसतास. कदाचित पाण्यातच उतरला नसतास. ते कळूनही मी गप्प बसलो.

मला आधी वाटायचं, मी त्या सकाळी तुझ्याबरोबर आलो असतो तर तू असतास. चौथा फोटो बघितल्यापासून मला तेही वाटत नाही. तू वळून बघितलंस तेव्हा बहुतेक दीडशे झाले असतील. मी काठावर असतो तर एकशे एक्कावन्न म्हणालो असतो.

आज शुक्रवार आहे. मधे दोन दिवस आहेत, आणि वहिनीला खरं सांगायचं तर त्यांतच सांगायला हवं. सांगितलं तर तू माझ्यामुळं वाचला होतास ही तिच्याजवळची एकच बरी गोष्ट जाईल. नाही सांगितलं तर सोमवारी ती तुझ्या खडकावर उभी राहील, पुढं काळी काच असेल, आणि मी मोजत असेन. वरनं पाचोळा आला, तर मी तिला हाक मारीन की पुढचा आकडा म्हणेन, हे मला आजसुद्धा छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.